दोन थरांमधला सांधा : बोखुमच्या मुलाचं प्रकरण

'त्वचेची रचना व कार्ये लिहा' हा प्रश्न आमच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ठरलेला. मुली आकृती सुरेख काढतात, थरांची नावं ओळीने लिहितात, खाली संरक्षण, संवेदना, तापमान-नियंत्रण, घाम, ड जीवनसत्त्व अशी सात कार्यं उतरवतात आणि चांगले गुण घेऊन जातात. मग वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात ऐंशीच्या आजींच्या हातावरची सलाइनची चिकटपट्टी ओढताना पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा निघून येतो. ओरखडा नाही, कापलेलं नाही, नुसती पट्टी ओढली. "मॅडम, मी काही केलं नाही," असं म्हणत मुलगी रडवेली होऊन माझ्यासमोर उभी राहते.

केलं काहीच नसतं तिने. पण तिने काढलेल्या सुरेख आकृतीत दोन थरांच्या मध्ये एक बारीक नागमोडी रेघ होती, आणि ती रेघ म्हणजे काय हे आम्ही तिला कधी सांगितलेलं नसतं. त्या रेघेसाठी मी गेली काही वर्षं एक प्रकरण शिकवते. ते जर्मनीतलं आहे, २०१५ सालचं. वैद्यकीय नियतकालिकांत ते सविस्तर छापून आलं आहे, त्यामुळे ऐकीव काही नाही.

रुग्ण

सीरियातून जर्मनीत आलेल्या कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा. जन्मापासून अंगावर फोड, हातापायांवर, पाठीवर, कुशींवर जास्त. आजाराचं नाव जंक्शनल एपिडर्मोलायसिस बुलोसा. नाव अवघड असलं तरी त्यात सगळं सांगून टाकलं आहे: कातडीच्या दोन थरांच्या सांध्याच्या जागी बाह्यत्वचा, म्हणजे वरचा थर, सुटते आणि फोड येतात. असं मूल कुशीवर वळलं, कुणी काखेत हात घालून उचललं, चड्डीचं इलॅस्टिक काचलं, एवढंही पुरतं. या आजाराची ४० टक्क्यांहून अधिक मुलं किशोरवयापर्यंत पोचत नाहीत.

जून २०१५ मध्ये त्याला बोखुम शहरातल्या रुग्णालयात दाखल केलं. त्याआधी सुमारे सहा आठवडे जखमांमध्ये दोन जंतू शिरले होते, स्टॅफिलोकोकस ऑरिअस आणि स्यूडोमोनास. भाजलेल्यांच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ही जोडी माहीत असते. स्यूडोमोनासचा तो हिरवट पू आणि गोडसर वास नाकातून जात नाही. दाखल झाल्यावर थोड्याच दिवसांत शरीराच्या सुमारे ६० टक्के भागावर बाह्यत्वचा उरली नव्हती. वजन १७ किलो. अंगात ताप.

६० टक्के म्हणजे किती, हे मुलींना समजावं म्हणून मी त्यांना स्वतःचा तळहात बघायला लावते. बोटं एकमेकांना जुळवून ठेवलेला रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. त्या मुलाचे ६० तळहात उघडे पडले होते. पहिली शस्त्रक्रिया झाली तोवर ते ८० झाले.

भाजलेल्याच्या वॉर्डात ८० टक्के हा आकडा ऐकला की नातेवाइकांशी कसं बोलायचं याचा विचार आधी सुरू होतो. इथे तर आगही लागली नव्हती.

नेमकं कुठे उकललं

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून हलवून बघा. ती मागेपुढे सरकते. इथे सरकतं ते आख्खं कातडं, खालच्या चरबीच्या थरावर. आता दुसरं करा: बोटाचं टोक कातडीवर दाबून तिरकं रेटा. कातडीचा वरचा थर खालच्या थरावरून घसरतो का? नाही. दोन्ही थर एकत्र ओढले जातात. न घसरणारी ही जागा आपल्याला जाणवतसुद्धा नाही, आणि त्या मुलाकडे तीच नव्हती.

वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा किंवा एपिडर्मिस. अंगावर बहुतेक ठिकाणी ही जेमतेम ०.१ मिलिमीटर, वहीच्या कागदाइतकी; तळपायाला मात्र एक मिलिमीटरच्या पुढे. हिच्यात रक्तवाहिनी एकही नाही. सगळ्यात खाली, इमारतीला पाया असतो तशी, पायाच्या पेशींची एक रांग. त्या विभागतात, नव्या पेशी वर ढकलल्या जातात, वर जाता जाता केराटिन या कडक प्रथिनाने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी भुशासारख्या झडून जातात. पायापासून झडण्यापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभराचा. म्हणजे आज आरशात दिसणारी कातडी गेल्या महिन्यात तळाला होती.

खालचा थर म्हणजे अंतस्त्वचा, डर्मिस. कोलॅजन या चिवट प्रथिनाचा जाड विणलेला गालिचा, त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं. चामड्याची चप्पल होते ती या थराची. चांभार जे कमावतो ते जनावराचं डर्मिस. वरची बाह्यत्वचा केसांबरोबर आधीच खरवडून टाकलेली असते.

हे दोन थर एकमेकांवर नुसते ठेवलेले नाहीत. त्यांची सीमा नागमोडी असते, अंड्यांचे दोन ट्रे एकात एक बसावेत तशी. त्यामुळे पकडीला जागा जास्त मिळते. वय वाढतं तशी ही नागमोड सपाट होत जाते. आजींच्या हातावरचा पापुद्रा पट्टीबरोबर निघतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. वाण्याच्या दुकानातल्या सपाट पुठ्ठ्यांना तिरका धक्का दिला तर ते घसरतात, अंड्यांचे ट्रे घसरत नाहीत.

पण नुसती नागमोड पुरत नाही. त्या सीमेवर आधारपटल नावाचा अतिशय पातळ पडदा आहे, आणि त्याला वर आणि खाली बांधून ठेवणारी प्रथिनं आहेत. वरच्या पेशीच्या तळाला खिळे असतात, त्यांना हेमिडेस्मोसोम म्हणतात. खाली डर्मिसमध्ये कोलॅजन-७ चे आकडे रुतलेले असतात. आणि खिळे व आकडे यांना जोडणारी दोरी म्हणजे लॅमिनिन-३३२.

लॅमिनिन-३३२ ची रचना मुलींना सांगायला मला फार सोपी पडते, कारण ती तिपेडी वेणी आहे. अल्फा-३, बीटा-३ आणि गॅमा-२ असे तीन पेड एकमेकांत गुंफले की ती तयार होते. नावातले ३-३-२ हे आकडे तेच. प्रत्येक पेडासाठी वेगळं जनुक. त्या मुलाच्या बीटा-३ पेडाच्या जनुकात दोष होता, आईकडून आलेल्या प्रतीतही आणि वडिलांकडून आलेल्या प्रतीतही. दोन पेडांची वेणी घालता येत नाही. एक पेड नसेल तर बाकीचे दोन असूनही सुटे राहतात. तपासणीत त्याच्या कातडीत हे प्रथिन जेमतेम दिसण्याइतकंच सापडलं.

फोड म्हटला की सगळे फोड सारखे, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. नव्या कोल्हापुरी चपलेने अंगठ्याजवळ येतो तो फोड एपिडर्मिसच्या आतच उकलतो, मधल्या पेशींच्या थरात. पायाची रांग खाली जागेवर शाबूत असते, म्हणून चार दिवसांत खालून नवी कातडी येते आणि व्रणही राहत नाही. त्या मुलाचा फोड त्याहून खाली, थेट सांध्यात उकलत होता. पायाच्या रांगेसकट सगळी बाह्यत्वचा उचलली जायची. भाकरी टम्म फुगल्यावर पापुद्रा सुटतो, तसा. पापुद्रा फाटला की खाली राहतं ते उघडं, ओलं, लालबुंद डर्मिस. आणि त्याहीखाली, कोलॅजन-७ च्या आकड्यांपाशी उकलणारा आजाराचा आणखी एक प्रकार आहे, त्यात व्रण पडून बोटं एकमेकांना चिकटतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक, आणि आजार वेगळा.

कातडी नसली की काय काय जातं

इथे ती सात कार्यं परत येतात, पण यादी म्हणून नाही.

पहिलं पाणी. बाह्यत्वचेच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थराला आपण फार हलक्यात घेतो. चपट्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीयुक्त पदार्थांचं लिंपण, अशी ती भिंत आहे. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ न देण्याचं काम मुख्यतः तीच करते. भिंत गेली की डर्मिसमधून पाणी सतत झिरपतं आणि उडतं. त्याबरोबर प्रथिनंही जातात, कारण झिरपतो तो रक्तातला द्रव, नळाचं पाणी नव्हे.

मग उष्णता. एक लिटर पाणी शरीरावरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. सात वर्षांच्या मुलाच्या रोजच्या जेवणात हजार ते दीड हजार किलोकॅलरी धरा. म्हणजे लिटरभर पाणी उडालं की जेवणाचा चाळीस टक्के ते निम्म्याहून जास्त हिस्सा नुसता हवेत. उरलेल्यात ताप, जंतूंशी झगडा आणि जखमा भरणं. १७ किलो वजनाचं कोडं इथे बरंचसं सुटतं. त्याला नाकातल्या नळीनेही अन्न दिलं जात होतं. वॉर्डात नव्या मुली "पेशंट खात नाही" अशी नोंद करून मोकळ्या होतात. तेव्हा मी त्यांना विचारते, किती खाल्लं ते लिहिलंस, किती उडालं ते कोण लिहिणार?

जंतूंचं सांगायलाच नको. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, कोरडा असतो आणि रोज झडत असतो. जंतूला पाय रोवायला जागा मिळू नये अशीच ती व्यवस्था. शिवाय बाह्यत्वचेत लँगरहान्स पेशी पहारा देत असतात. पाउल लँगरहान्सने त्या १८६८ मध्ये शोधल्या, बर्लिनमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असताना, आणि त्या मज्जातंतूंच्या पेशी आहेत असा त्याचा समज झाला होता. प्रतिकारशक्तीतलं त्यांचं काम कळायला शंभरावर वर्षं गेली. मुलाच्या ८० टक्के अंगावर ना भिंत, ना पहारा.

आणि वेदना. बाह्यत्वचेने झाकलेली मज्जातंतूंची टोकं आता उघडी. ड्रेसिंग बदलणं ही अशा मुलांच्या दिवसातली सगळ्यात भीतीची वेळ असते. यावर मी वर्गात फार बोलत नाही. ज्यांनी लहान मुलाचं ड्रेसिंग केलं आहे त्यांना सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगून कळत नाही.

वडिलांची कातडी

डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली, जंतुनाशक द्रावणाच्या आंघोळी दिल्या, वेगवेगळी ड्रेसिंगं वापरून पाहिली. मग वडिलांच्या अंगावरून कातडीचा पातळ थर काढून मुलाला लावला. तो आधी धरला आणि नंतर सगळा निघून गेला.

या आजारात एकच प्रत दोषी असेल तर माणसाला काही होत नाही. त्यामुळे वडिलांच्या कातडीत लॅमिनिनची तिपेडी वेणी नीट होती. म्हणजे सांध्याच्या दृष्टीने ती कातडी हवी तशीच. पण मुलाच्या शरीराला ती परकी. उलट मुलाची स्वतःची कातडी शरीराला आपली, पण तिला दोरी नाही. बोखुमच्या डॉक्टरांपुढचा पेच हा होता, आणि पुढे जे केलं ते या पेचातूनच निघालं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे प्रश्न पडेल की मग त्वचादानाचं काय? मुंबईत शीव रुग्णालयात २००० साली देशातली पहिली त्वचापेढी सुरू झाली, पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झाली, आता इतर शहरांतही आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून कातडीचा पातळ थर घेतात, ग्लिसरॉलमध्ये थंड तापमानाला साठवतात आणि भाजलेल्या रुग्णाला लावतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. का? कारण ती कायमची राहील अशी अपेक्षाच नसते. दोन-तीन आठवडे ती झाकण म्हणून काम करते, पाणी आणि जंतू थोपवते, वेदना कमी करते आणि तेवढ्यात रुग्णाची स्वतःची कातडी लावायला सवड मिळते. वडिलांच्या कातडीचं जे झालं तेच होणार हे गृहीत धरून केलेला हा उपचार आहे आणि त्याने जीव वाचतात. मात्र बोखुमच्या मुलाची अडचण अशी की सवड मिळवून करायचं काय? त्याच्या अंगावर लावण्याजोगी स्वतःची कातडीच नव्हती.

चार चौरस सेंटिमीटर

इटलीतल्या मोदेना शहरात मिकेले दे लुका नावाचे संशोधक बाह्यत्वचेच्या पेशी वाढवण्याचं काम अनेक वर्षं करत होते. त्यांची परंपरा अमेरिकेतल्या हॉवर्ड ग्रीन यांची. ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्ये माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या होत्या, खाली उंदराच्या पेशींचं अंथरूण घालून. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले. त्यांच्या अंगावर त्यांच्याच पेशींच्या वाढवलेल्या चादरी लावल्या आणि ते वाचले. त्या मुलांच्या पेशी निरोगी होत्या, म्हणून नुसत्या वाढवून भागलं. इथे वाढवण्याआधी दुरुस्तही करायच्या होत्या. दे लुका यांच्या गटाने २००५ मध्ये याच आजाराच्या, याच जनुकात दोष असलेल्या एका प्रौढ रुग्णाच्या पायांवर दुरुस्त कातडीचे थोडे तुकडे लावले होते आणि ते टिकले होते. थोडे तुकडे आणि जवळजवळ आख्खं अंग, यातलं अंतर मात्र कुणी ओलांडलं नव्हतं.

आईवडिलांची संमती घेतली. जर्मन प्रशासनाची आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी घेतली. सप्टेंबर २०१५ मध्ये मुलाच्या डाव्या जांघेतून, जिथे त्या वेळी फोड नव्हता अशा जागी, कातडीचा तुकडा घेतला. चार चौरस सेंटिमीटर. टपालाच्या लहान तिकिटाएवढा.

जांघेतली ती कातडी चांगली होती असं समजू नका. तिच्यातही तोच दोष होता. तिथे अजून उकललं नव्हतं इतकंच.

मोदेनात त्या तुकड्यातल्या पेशी सुट्या केल्या. मग एका विषाणूच्या आत बीटा-३ चं योग्य जनुक घालून तो विषाणू पेशींमध्ये सोडला. हा रेट्रोव्हायरस जातीचा विषाणू स्वतःचं सामान यजमान पेशीच्या गुणसूत्रात कायमचं शिवून टाकतो. त्याचा रोग पसरवणारा भाग काढून टाकलेला असतो, शिवण्याची सवय ठेवलेली असते. शिवण कुठे पडेल ते मात्र हातात नसतं. इथे धोका खरा होता: २००० नंतरच्या काळात फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीच्या एका जन्मजात आजारावर अशाच जातीच्या विषाणूने जनुकोपचार केलेल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता, कारण शिवण नको त्या जनुकाशेजारी पडली. बोखुमच्या आईवडिलांपुढे हा धोका आणि समोर दिसणारा मृत्यू, असे दोनच पर्याय होते. निवड करायला मला तरी वेळ लागला नसता. पण सही करताना हात थरथरला असणार.

दुरुस्त पेशी वाढवून त्यांच्या चादरी केल्या. काही प्लास्टिकवर वाढवून सोडवल्या, बहुतेक फायब्रिनच्या पातळ थरावर. फायब्रिन म्हणजे जखमेवर खपली धरताना रक्तात तयार होतं तेच प्रथिन. त्यावर वाढवलेली चादर थरासकट उचलता येते आणि थर नंतर विरघळून जातो. एकूण चादरी ०.८५ चौरस मीटर. चार चौरस सेंटिमीटरच्या २१२५ पट.

लावणी

शस्त्रक्रिया बोखुमच्या बेर्गमान्सहाइल रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या विभागात झाल्या. हे रुग्णालय १८९० मध्ये कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या अपघातांसाठी सुरू झालं. भाजण्याचे उपचार तिथे रक्तात मुरलेले. शल्यचिकित्सक टोबियास हिर्श आणि त्यांचे सहकारी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये हात, पाय, कुशी आणि आख्खी पाठ झाकली. जानेवारी २०१६ मध्ये उरलेल्यांपैकी काही जागा.

या बातमीबद्दल 'मुलाला नवी कातडी बसवली' असं सगळीकडे छापून आलं. माझी तक्रार आहे ती इथे. नवी होती ती बाह्यत्वचा, वरचा कागदाइतका थर. खालचं डर्मिस, त्यातलं कोलॅजन, रक्तवाहिन्या, मज्जातंतू हे सगळं त्याचंच, जन्मापासूनचं. ते बिघडलेलं नव्हतं, उघडं पडलेलं होतं. खोलवर तिसऱ्या श्रेणीचं भाजलं तर डर्मिसच जळून जातं, आणि मग नुसती वरची चादर लावून भागत नाही. त्या मुलाच्या आजाराने, क्रूर असला तरी, शेत शाबूत ठेवलं होतं. डॉक्टरांनी आधी ती जमीन नीट करून घेतली, जंतू आटोक्यात आणले, मेलेला भाग काढला आणि मग चादरी अंथरल्या.

अंथरल्यानंतरचे पहिले दिवस नर्सिंगचे. काही पेशींच्या जाडीची चादर. ओढली तर फाटते, खाली पाणी साचलं तर तरंगते, जंतू आले तर विरघळते. ती खाली मुळं धरेपर्यंत हलवायचं नाही, आणि रुग्ण सात वर्षांचा.

चादरी धरल्या. नव्या पेशींनी स्वतःची तिपेडी वेणी घातली, आधारपटलाशी गाठ मारली, खिळे बसले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो घरी गेला. पुढे शाळेत गेला, फुटबॉल खेळला.

कुणी टिकवली

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात हे प्रकरण छापून आलं तेव्हा २१ महिने झाले होते. लावलेल्या कातडीवर फोड नव्हते, मलमांची गरज नव्हती, खाज नव्हती, जखम झाली तर ती इतरांसारखी भरत होती. महिन्याला एक पालट धरला तर तोवर बाह्यत्वचा वीसहून जास्त वेळा संपूर्ण बदलली होती. शस्त्रक्रियेत लावलेल्या पेशींपैकी बहुतेक कधीच झडून कचऱ्यात गेल्या होत्या. मग दुरुस्ती टिकली कशी?

उत्तर त्या विषाणूच्या शिवणीने दिलं. शिवण प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी पडते आणि पेशीच्या सगळ्या लेकी-नातींमध्ये तीच जागा राहते. कुलनाव असल्यासारखं. शास्त्रज्ञांनी महिन्यांनंतरच्या कातडीतून पेशी घेऊन ही कुलनावं वाचली. लावताना असंख्य घराणी होती. नंतर थोडीच उरली, आणि उरलेली सगळी एका विशिष्ट प्रकारच्या पेशींची होती. बशीत वाढवल्यावर मोठ्या, गोल, नीटस वसाहती करणाऱ्या या पेशींना होलोक्लोन म्हणतात. याच खऱ्या मूळपेशी. बाकीच्या काही वेळा विभागतात, कातडीला पुरवठा करतात आणि संपतात.

बाह्यत्वचेच्या पायाच्या रांगेतल्या सगळ्या पेशी थोड्याफार सारख्याच दीर्घायुषी असतात, की मोजक्या मूळपेशी बाकीच्यांना पोसतात, यावर बराच वाद होता. माणसाच्या कातडीवर त्याचा इतका सरळ निकाल दुसरा मला माहीत नाही. आणि तो लागला एका मुलाचा जीव वाचवताना, उपउत्पादन म्हणून. पुढच्या प्रत्येक उपचारात चादर किती मोठी आहे यापेक्षा तिच्यात होलोक्लोन किती आहेत हे आधी बघावं लागेल. नाहीतर चादर महिनाभर झळकते आणि मग विरते.

२०२१ च्या अखेरीस पाच वर्षांनंतरचा अहवाल आला. लावलेली कातडी टिकून होती आणि ज्याची धास्ती होती तो कर्करोगही दिसला नव्हता.

जे दुरुस्त झालं नाही तेही मुलींना सांगायला हवं. लॅमिनिन-३३२ फक्त कातडीत नसतं. तोंडाच्या, घशाच्या आतल्या अस्तरालाही तेच धरून ठेवतं. तिथे चादरी लावलेल्या नाहीत. अंगावरही थोड्या जागा जुन्या कातडीच्या राहिल्या, तिथे अधूनमधून फोड येतात. आणि त्याच्या बाकीच्या सगळ्या पेशींमध्ये दोष जसाच्या तसा आहे; पुढच्या पिढीला देताना तो तोच देईल.

गेल्या वर्षी हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग आता त्याला सलाइन लावायची वेळ आली तर चिकटपट्टी चालेल का?"

वर्षानुवर्षं शिकवून मला स्वतःला हा प्रश्न सुचला नव्हता. नव्या कातडीवर चालायला हवी, ती ताण सहन करते. जुनीवर अजिबात नाही. तिथे न चिकटणारं सिलिकोनचं ड्रेसिंग आणि वरून नुसतं बँडेज गुंडाळायचं. पण बघून दोन्ही सारख्याच दिसू शकतात. "मग आधी काय बघशील?" मी विचारलं. ती म्हणाली, "फाइलमधला नकाशा. कुठे लावलीय त्याचा."